मुठीतला कागद

आज मुलानं अंगणात त्याच्या जुन्या पिकअपच्या इंजिनातलं तेल काढलं. तो जळका वास घरात आला आणि मला चुलीपाशी बसवेना.

पंधरा वर्षांपूर्वी ह्यांचीही अशीच जुनी पिकअप होती. तेलाच्या जुन्या डब्यावरचा कागद फाडून ह्यांनी माझ्या हाती दिला आणि मला पिरंगुटला धाडलं. "हेच घट्ट तेल आण. पातळ न्हाई चालायचं."

दुकानदारानं दुसराच डबा पुढं केला. "वहिनी, नव्या गाड्यांना हेच घालत्यात. न्या बिनघोर." त्यावरचे घट्ट-पातळचे आकडे कागदावरच्यापेक्षा वेगळे होते, मला वाचता येत होते. पण दुकानात चार पुरुष उभे होते. कागद मुठीतच भिजला.

ह्यांनी विश्वासानं ते तेल ओतलं आणि भाताची पोती घेऊन घाटात गेले. दिवसभर मी उंबऱ्याशी उठबस करत राहिले. सांजेला गाडी धूर ओकत आली. हे म्हणाले, "म्हातारी झाली गं आता." महिन्याभरात इंजिन बसलं, गाडी भंगारात गेली. आकड्यांचं मी ह्यांना कधीच सांगितलं नाही.

आज मुलानं नवा डबा आणला. मी आधी आकडे वाचले.

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?" तो हसला. ओट्यावरून ह्यांनी मान वर केली.

"कळतंय," मी म्हणाले. "तवाबी कळत हुतं."