वाळला की विझणारा खडा

विसूभाऊ गेल्याचं मला चिपळूणच्या धक्क्यावर कळलं. दाभोळकडून आलेल्या होडीतून रत्नागिरीचे एक ओळखीचे गृहस्थ उतरले. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, माझा हात धरला आणि तुमचे मावसभाऊ तापानं गेले, असं सांगितलं. पुढचं मी बहुधा ऐकलंच नाही. शाळेची वेळ झाली होती म्हणून तसाच शाळेत गेलो, वर्गात उभा राहिलो, आणि काय शिकवायचं तेच आठवेना... त्याला आता महिना उलटून गेला. त्याच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं रोज वाटतं आणि रोज लेखणी खाली ठेवतो.

विसूभाऊ रत्नागिरीत एका शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असे. त्याच्याच घरी राहून मी मॅट्रिक झालो. उंच, जरासा वाकलेला, बोलताना मधेच थांबून नेमका शब्द शोधणारा. लोक त्याला रुक्ष म्हणत, पण आमच्या यमुनावहिनींनी त्याची थट्टा सुरू केली की हा रुक्ष माणूस कानापर्यंत लाल होई. वहिनी हेदवीजवळच्या एका वाडीतल्या. वडील लहानपणीच गेलेले, थोरल्या भावानं, आबांनी, त्यांना वाढवलेलं. वर्षातून एकदा माहेरी जायचं ठरलं की त्या आठवडाभर आधीपासून गुणगुणत असत. आगबोटीनं जयगड, तिथून तरीनं खाडी ओलांडायची, पुढे बैलगाडी. माहेरच्या ओढीनं त्या गाडीत वहिनींना बसवत नसे, उतरून पुढे चालू लागत.

अशाच एका उन्हाळ्यात मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. आबांनी घरामागे विहीर खणायला घेतली होती. वरचा जांभा संपून खाली काळवत्री लागली होती आणि सुरुंग लावून ती फोडायचं काम चाललं होतं. त्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून पांढरे खडे निघू लागले, वाळलेल्या चुन्याच्या ढेकळांसारखे. गड्यांनी ते बाजूला लोटले होते. विसूभाऊनं त्यातला एक उचलून जिभेला लावला, तर तो जिभेला चिकटला. मग त्यानं वहिनींकडून वाटीभर पाणी मागवलं आणि खडा त्यात सोडला. बारीक बुडबुडे निघू लागले. आम्ही सगळे वाकून बघत होतो. बघता बघता तो पांढरा खडा कडेकडेनं काचेसारखा होत गेला आणि शेवटी त्याच्या पोटात हिरवी, तांबडी, निळी झाक हलू लागली. वहिनींनी तोंडावर हात धरला. आबांच्या म्हाताऱ्या काकूंनी वाटीला नमस्कार केला.

हा ओपल, विसूभाऊ म्हणाला. गारगोटीचीच बहीण म्हणायची, पण ही अंगात पाणी धरून असते. रत्नागिरीला परतल्यावर त्यानं मला शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन दाखवलं. कोरडा ठणठणीत दिसणारा एक तुकडा काचेच्या नळीत घालून तापवला, तर नळीच्या थंड गळ्याशी पाण्याचे थेंब जमले. गारगोटीनं घासलं तर त्याच्यावर ओरखडा उठे. आपल्या भागात जांभ्याखालच्या दगडात असे खडे क्वचित सापडतात आणि त्यातही पाणी पिऊन उजळणारे फारच थोडे, हे सांगताना त्याचा आवाज असा झाला होता, जणू घरात मूल जन्मलं आहे. एवढ्या आनंदात मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

कारण आबांनी मुंबईच्या एका जवाहिऱ्याला बोलावून घेतलं. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, मुलाला शिकायला पाठवायचं होतं, आणि देवानं विहिरीतून हात दिला असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यात त्यांचं काय चुकलं? विसूभाऊला त्यांनी मुद्दाम बोलावलं आणि विनवलं की तुम्ही आपण होऊन काही सांगू नका, जावई म्हणून नुसते शेजारी बसा. तो बसला. व्यापाऱ्यानं पाण्यातले खडे उजेडाकडे धरून पाहिले. सगळे खडे आणि विहिरीची ती जागासुद्धा घ्यायची त्याची तयारी दिसली. उठता उठता तो विसूभाऊकडे वळला.

"मास्तर, तुम्ही शास्त्र जाणता. हा रंग टिकेल ना?"

विसूभाऊ नेहमीसारखा थांबला. आबा त्याच्याकडे बघत होते. दाराआड वहिनी होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाजही थांबला.

"ओला आहे तोवर टिकेल," तो म्हणाला. "वाळला की पुन्हा पांढरा होईल. काही खडे तर तडकतीलही."

व्यापारी भला माणूस होता. त्यानं नमस्कार केला, चहा घेतला आणि सौद्याचं नाव न काढता निघून गेला. आबा त्याला वाटेला लावायला गेले. परत आले ते वहिनींकडे न बघता विसूभाऊला एवढंच म्हणाले, "यमुनेला घेऊन जा. आता तिला इकडे पाठवू नका."

पुढची वर्षं मी जवळून पाहिली. वहिनींचं पहिलं बाळंतपण रत्नागिरीतच झालं, कुमुदचं. माहेराविना. त्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या त्या उठल्याच नाहीत. तोंडाला चव नसे, आणि मागायच्या त्या फक्त माहेरच्या गोष्टी. परसातल्या कुळथाचं पिठलं, आबांच्या हातचं शहाळं. विसूभाऊ हेदवीला गेला, मीही सोबत होतो. त्यानं आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांचेही डोळे भरले होते, पण माणूस हट्टाला पेटला की डोळ्यांचं कोण ऐकतं? ‘खडा टिकला असता, मीच चुकलो’ एवढं तुम्ही म्हणा, मी आत्ता येतो, आबा म्हणाले. विसूभाऊला ते म्हणता आलं नाही. तुमचं मन दुखवलं हे चुकलं, तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पण दुसरं वाक्य त्याच्या तोंडून निघेना... आम्ही परत आलो. दारात पावलं वाजली तशी वहिनींनी मान उचलून आमच्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, दगडच ना तो?" आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

त्यानंतर विसूभाऊ खड्यांविषयी बोलला नाही. एकदाच, मांडवीच्या किनाऱ्यावर फिरताना म्हणाला, "मी खरं तेच बोललो रे. पण तिला माहेर हवं होतं."

त्याच्या शेवटच्या आजारात आबा आले, हे मला त्याच्या शेजाऱ्यांकडून कळलं. कोणी बोलावलं नव्हतं. उशाशी बसून त्यांनी सांगितलं की फडताळात जपून ठेवलेले खडे एकेक करून तडकले, शेवटचा गेल्या शिमग्यात. खडे खपले नाहीत म्हणून तेव्हाच विहीर पुढे खणली, तिला भरपूर पाणी लागलं, वैशाखातही सगळी वाडी पाणी भरते. विसूभाऊला तापात किती समजलं कोण जाणे. त्यानं आबांचा हात घट्ट धरला आणि कुमुदचं नाव घेतलं.

परवा आबा कुमुदला न्यायला रत्नागिरीला आले तेव्हा मीही तिथे पोचून त्यांच्याबरोबर वाडीला गेलो. पोरीनं आईचं माहेर पहिल्यांदाच पाहिलं. आबा तिला हाताला धरून घरभर हिंडवत होते. इथे तुझी आई झोपायची, इथे भातुकली मांडायची, या खिडकीतून माझी गाडी दिसते का बघत बसायची. ती सगळं ऐकून घेत होती. ओटीवर आल्यावर तिनं विचारलं, "मामा, आणि बाबा कुठे बसायचे?"

आबांनी खांबाजवळच्या जागेकडे बोट दाखवलं. कुमुद तिथे जाऊन बसली. आतून जेवायला हाक आली, पण आबांनी हातानंच थांबायला सांगितलं, आणि तेही तिच्या शेजारी जमिनीवर बसले.