मीठ पिकतं

न्यूझीलंडमधल्या ग्रासमिअरच्या मिठागराशी गाडी थांबली, तेव्हा राजाराम म्हात्र्यांनी खाली उतरून आधी वारा कुठून येतोय ते पाहिलं. सत्तरी उलटलेला माणूस. जन्म उरणच्या मिठागराकाठचा, हयात गेली औषधांच्या दुकानात, आणि आता ब्लेनमला नर्स असलेल्या लेकीकडे, श्रुतीकडे येऊन राहिलेला. पुढे गुलाबी पाण्याचे वाफे, मागे मिठाचा पांढराशुभ्र ढीग.

नात अनुया वही घेऊन उभी होती. उद्या शाळेत तिला मिठावर बोलायचं होतं, आणि आपले पणजोबा मीठ बनवायचे, हे तिने वर्गात आधीच सांगून टाकलं होतं.

"बनवायचे नाही गं, पिकवायचे."

"आजोबा, सॉल्ट इज अ रॉक! इट डझन्ट ग्रो." खडक झिजतात, नद्या त्यांतला क्षार समुद्रात नेतात, कोट्यवधी वर्षं हे चाललंय, असं तिने इंग्रजीतून ठणकावलं. "सो हाउ डिड पणजोबा नो? मीठ कधी रेडी?"

राजाराम वाफ्यातल्या पाण्याकडे पाहू लागले.

उरणला त्यांचे वडील असेच वाफ्यात उतरत, दोन बोटांत पाणी चोळत, उन्हाकडे पाहत आणि म्हणत, "आज नाय, परवा." परवाच मीठ धरायचं. "राजा, ये, हात घाल पाण्यात, दाखवतो," अशी बांधावरच्या पोराला हाक असायची. पोरगा उतरत नसे. मग हायस्कुलात नाव घालताना गुरुजींनी वडिलांचा धंदा विचारला, आणि राजाराम पटकन म्हणाला, "शेती." वडील शेजारीच उभे होते, भेगाळल्या पायांनी. ते हसले. म्हणाले, "बराबर हाय गुरुजी. पिकवतोच मी."

त्यानंतर बांधाकडे हाक आली नाही. कधीच.

"आजोबा? इट्स नॉट ऑन गूगल."

"मला माहीत नाही, बाळा. ते शिकवायला तयार होते. मी शिकलो नाही."

"मग हू एल्स कॅन वी आस्क?"

राजारामांनी गावातल्या मीठ पिकवणाऱ्यांचं एकेक नाव मनात घेतलं. त्यांतलं आता कुणी उरलं नव्हतं. वारा वाफ्यांवरून कोरडा, खारट येत होता; मिठाला चांगला होता, एवढं त्यांना कळत होतं.

"कुणालाच नाही," ते म्हणाले. "लिही, आजोबांना विचारलं, त्यांना सांगता आलं नाही."

अनुयाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि तसंच लिहिलं.