अंगण झाडायला त्रिज्या

"आईला विचार जा, अंगण झाडताना त्रिज्या काढते का ते!"

सर असं म्हणाले आणि वर्ग फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. मी उभी होते. मी फक्त एवढंच म्हटलं होतं, "सर, मला हायर मॅथ्स पाहिजे."

तेव्हा मॅट्रिकला गणिताच्या दोन पायऱ्या होत्या. बीजगणित, भूमिती म्हणजे हायर. नुसतं अंकगणित म्हणजे लोअर. हायर पोरांना. लोअर मुलींना, आणि आमच्या वस्तीतल्या कुणालाही.

माझी आई त्याच शाळेचं अंगण झाडायची. त्या क्षणीही झाडत होती, खिडकीच्या बाहेरच. खराट्याचा आवाज थांबला.

आणि मी काय केलं? हसले. सगळ्यांत मोठ्यानं! केवढी समंजस मुलगी. सरांचा विनोद वाया जाऊ नये म्हणून किती काळजी. हसत हसत दप्तर उचललं आणि गृहशास्त्राच्या खोलीत जाऊन बसले. तिथं उशीच्या अभ्र्यावर पोपट भरला. चोच इतकी वाकडी आली की पोपट कमी आणि घुबड जास्त.

बाहेर खराटा पुन्हा सुरू झाला होता.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "सर हसले ते कळलं. तू का हसलीस?"

मी दप्तर खुंटीला अडकवलं.

लोअरमध्ये मार्क मात्र भरघोस पडले. बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, वस्तीत पेढे वाटले. स्वतःला कोंडल्याचे पेढे! मग सायन्सला नाव घालायला तोऱ्यात कॉलेजात गेले. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "लोअर? मग आर्ट्स." तेव्हा कळलं, दार केव्हाच लागलं होतं. मी आतून टाळ्या वाजवत होते.

आता सत्तरी ओलांडली. कोलकात्यात मुलाकडे राहते, सॉल्ट लेकला. तो सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात जातो, सूनबाई टूरवर. घरात मी, टीव्ही आणि लिफ्टचा आवाज. बांगला येत नाही. हिंदी माझी अशी की भाजीवालाच माझ्याशी मराठी बोलायला लागेल.

गेल्या शनिवारी नातीच्या, तन्वीच्या, शाळेत पालकसभा होती. बाजारातून परत येताना मुलानं मलाही तसंच नेलं, दुधीच्या पिशवीसकट. दहावीला कुठलं गणित घ्यायचं ते ठरणार होतं. बेसिक की स्टँडर्ड. पुस्तक एकच, वर्ग एकच. पेपर वेगळा, बेसिकचा सोपा. पायऱ्यांची नावं तेवढी बदललीत.

गणिताच्या मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. "बेसिक दिलवा दीजिए. वैसे मर्ज़ी आपकी."

मी विचारलं, "फिर ग्यारवी में?"

"हमारे यहाँ बेसिकवालों को इलेवन्थ में मैथ्स नहीं मिलता. माशीमा, आप टेंशन मत लीजिए." मावशीला इथं माशीमा म्हणतात. मग तन्वीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "इसको तो ट्रँगल दिखाओ, सिंगाड़ा याद आता है!"

सिंगाडा म्हणजे इथला सामोसा. मागचे पालक हसले. मुलगा हसला. आणि तन्वी हसली. सगळ्यांत मोठ्यानं.

ते हसू मी ओळखलं. माझंच होतं. पन्नासहून जास्त वर्षांनी, नव्या युनिफॉर्मात.

मुलानं पेन उघडलं. मी दुधीची पिशवी उचलली आणि फॉर्मवर ठेवली.

"आई, काय करतेस? घरी बोलू."

"तन्वी, मॅडम हसल्या ते कळलं. तू का हसलीस?"

ती गोंधळली. "सगळे हसत होते ना, आजी. मग मी काय करू?"

"तुला काय पाहिजे?"

तिनं मान खाली घातली. "स्टँडर्ड. पण मला जमत नाही."

"जमतं का ते नाही विचारलं."

"स्टँडर्ड," ती म्हणाली. हसली नाही.

मॅडम वैतागल्या. "माशीमा, पीछे लोग खड़े हैं."

"खड़े रहने दो. मैं नहीं उठेगी."

गुडघे दुखत होते, हेही खरं. पण त्या दिवशी गुडघे बरे असते तरी उठले नसते.

शेवटी फॉर्मवर स्टँडर्ड लिहिलं गेलं. "फेल हुई तो हमें मत बोलिएगा," मॅडम म्हणाल्या. मुलगा ऑटोत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. अजूनही नीट बोलत नाही. म्हणतो, तुझ्या जुन्या हट्टापायी पोरीचं वर्ष जाईल.

जाईलही. काल तिला त्रिकोणाचं एक प्रमेय अडलं. मी तिचं पुस्तक घेऊन बसले. मला तर शीर्षकही कळलं नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, दोन ठोंब्या.

पास होईल की नाही, मला ठाऊक नाही. नापास झाली तर अख्खा पेपर लिहून होईल. कुणी हसवलं म्हणून बाकावरून उठून नाही. आमच्या घरातलं ते हसणं आता बंद.