जर्मनीतला कंडक्टर

माझा विश्वासघात झाला तो एका फुलस्केप कागदावर, आणि त्याला सगळी बस हसली. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला जड जाईल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पेणला राहायचो आणि रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये नोकरीला होतो. कंपनीची बस सकाळी आम्हाला पेणहून न्यायची आणि फर्स्ट शिफ्ट सुटली की दुपारी परत आणून सोडायची. शेजारच्या सीटवर माझा मित्र. आम्ही शाळेपासूनचे. तो परचेसला, मी लॅबला, पण डबा एकत्र खायचो.

त्या वर्षी कंपनीत इंटरनेट आलं. एकच कॉम्प्युटर, तोही परचेसमध्ये, आणि शेजारी मोडेम. तो आधी किंचाळायचा, मग घसा खाकरायचा, मग लागला तर लागला. लागला की खात्याचा फोन बंद. साहेबांना वाटायचं त्यावर मालाचे भाव येतात. येतही असतील, पण ढिगाने येत होते ते विनोद. कुठल्या कुठल्या देशांतून, ओळख ना पाळख अशा माणसांनी पुढे ढकललेले. मित्र त्यातले निवडक मराठीत करून स्वच्छ अक्षरात लिहायचा, वर 'इंटरनेटवरच्या गमती' असा मथळा द्यायचा आणि शनिवारी परतीच्या बसमध्ये वाचून दाखवायचा. झेरॉक्स प्रतीही वाटायचा. कुठल्याशा गावात एकाने शेजाऱ्याच्या पोपटाविरुद्ध पोलिसात तक्रार दिली होती, कारण पोपट हुबेहूब फोनसारखा वाजायचा आणि हा दिवसभर धावत राहायचा. कोणी कुत्र्याच्या नावाने वाचनालयाचं कार्ड काढलं, तर पुस्तक परत न केल्याबद्दल कुत्र्याला नोटीस आली. आम्हाला हे सगळं खरं वाटायचं. इंटरनेटवर आलंय म्हणजे कोणीतरी खातरजमा करूनच टाकलं असणार, अशी आमची भाबडी समजूत. एरवी परतीच्या वाटेवर अर्धी बस घोरायची. शनिवारी सगळे टक्क जागे असायचे.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं होतं. माझे वडील एस.टी.त कंडक्टर. पेण-रोहा रस्त्यावर त्यांची हयात गेली. वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड, कुठल्याही थांब्यावर त्यांना 'मास्तर' अशी हाक मारणारं माणूस भेटायचं. रिटायर झाल्यावर काही वर्षं बरी गेली. मग त्यांचं मन मधूनच घर सोडून ड्युटीवर जायला लागलं. दारात पाहुणा आला की विचारायचे, "कुठं जायचंय?" पाहुणा गोंधळून म्हणायचा, "इथंच." त्यावर हे म्हणायचे, "मग चढलात कशाला?" बायको स्वयंपाकघराच्या दारात जरा उभी राहिली तर म्हणायचे, "पुढं सरक गो, पुढं जागा हाय." जेवायला बसलो की पेल्यावर चमचा दोनदा टण् टण् वाजवायचे. त्याशिवाय घास उचलायची सोय नव्हती. एकदा बायकोला पानावर यायला उशीर झाला, तर म्हणाले, "बाई, मागची गाडी रिकामी येतेय, तिच्यात बसा."

हसू येतं. आम्हालाही यायचं, आणि लगेच आपलीच लाज वाटायची.

तासाभराने ते ताळ्यावर यायचे आणि चार वाजता धुतलेला शर्ट घालून डेपोत जाऊन बसायचे. तिथले नवे कंडक्टर त्यांना चहा पाजायचे, अडल्यानडल्याचं विचारायचे. डेपोत त्यांचा तोल अजून गेला नव्हता. त्या बाकावरचा मान तेवढा त्यांच्याकडे उरला होता. तो जाऊ नये म्हणून आम्ही नवराबायकोने ठरवलं की ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही. शेजारीपाजारी नाही, नातेवाईक नाहीत, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही.

मी मित्राला सांगितलं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. रोज सकाळी बसमध्ये, थोडं थोडं. तो नीट ऐकून घ्यायचा, खांद्यावर हात ठेवायचा. "माझ्या तोंडून बाहेर नाय जायचं," म्हणायचा. त्या हाताचा मला आधार होता, हे आज लिहितानाही कबूल करावं लागतं.

एका शनिवारी त्याने कागद उलगडला आणि वाचायला सुरुवात केली. जर्मनीत म्हणे एक म्हातारा आहे, रिटायर बस कंडक्टर. घरी आलेल्या पाहुण्याला विचारतो, कुठे जायचंय. बस खदखदली. मीही हसलो, मनापासून हसलो. जर्मनी ऐकल्यावर मी घर विसरलो होतो. मग जर्मन पाहुणा म्हणाला, "इथंच," आणि जर्मन म्हातारा म्हणाला, "मग चढलात कशाला?" माझं हसू तोंडातच राहिलं. पुढे सगळं ओळीने आलं. पेला, चमचा, मागची रिकामी गाडी. सून तेवढी गोरी केली होती.

पेणला उतरल्यावर मी त्याचा हात धरला. रागाने त्याला बाजूला ओढलं.

"अरे, जर्मनी लिवलंय ना!" तो म्हणाला. "तुझं नाव हाय का कुठं? गाव हाय का? चार लोक हसले तर काय बिघडलं?"

"तू शब्द दिला होतास."

"तोंडून नाय बोललो. लिवलं." आणि हे बोलून तो हसला. शाळेत हसायचा तसाच. वर उत्साहाने म्हणाला, "इंग्लिश करून मेलपन टाकलाय. दुबईला, मुंबईला. लई आवडला लोकांना."

दोनच आठवड्यांत तो मेल फिरून परचेसच्या कॉम्प्युटरवर परत आला, कोण्या अनोळखी माणसाकडून. आता कंडक्टर ऑस्ट्रेलियाचा होता. मित्राने कौतुकाने मला बोलावून दाखवला. मी त्या दिवसापासून बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसायला लागलो. डबा लॅबमध्येच उघडायचो. आतून जळत होतो. घरी कोणाला हे सांगितलं नव्हतं. वडिलांच्या कानावर जाऊ नये, एवढंच एक मागणं होतं.

मग एका रविवारी दुपारी जेवताना वडिलांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. ते अक्षर मी लांबूनही ओळखलं.

"डेपोत पोरांनी दिला," ते म्हणाले. "म्हनाले, मास्तर, तुमच्या लायनीतला मानूस हाय बघा."

डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला. त्या दिवशी ते अगदी ताळ्यावर होते. वाचता वाचता हसायला लागले, इतके की डोळ्यांत पाणी आलं. बायको उठून आत गेली. मी हसल्यासारखं केलं.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद ताटाशेजारी ठेवला आणि त्याच्या घड्या बोटाने सपाट केल्या.

"हे घरातल्या मानसाबिगर कोनाला ठावं असनार?" ते म्हणाले. "पोरानंच सांगितलं असनार बाहेर."

मित्राचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. पण वडिलांनी विचारलं होतं ते घरातल्या माणसाबद्दल, आणि त्या माणसाने एव्हाना मान खाली घातली होती.