पायातली चांदी

गुजरीच्या सराफ बाजारातल्या एका चांदीच्या दुकानात मी काउंटरवर असते. गिऱ्हाईक पायाचं माप सांगतं आणि जाता जाता अख्खं घर सांगून जातं. मोडीची चांदी वितळवता येते हो, हे किस्से कुठं वितळवायचे?

*

शिरोळच्या एक आजी पणतूला वाळे घ्यायला आल्या. "मला नऊ झाली. एकच जोड नवांच्या पायात फिरला! नातसुनंनं एकावरच थांबवलंय."

तेवढ्यात घरनं फोन. मामाकडून वाळे आले, आत्याकडूनही आले!

आजींनी कपाळाला हात लावला. "एवढ्या वाळ्यांस्नी पाय कुठनं आणू गं?"

*

एका काकूंचा मुलगा बागायतदार. ऊस, ट्रॅक्टर, सगळं हाय. पण मुली म्हणतात, पुण्यात नोकरी असेल तर बघू. काकूंनी होणाऱ्या सुनेसाठी पैंजण घेऊन ठेवलेत. दर दिवाळीला पॉलिशला आणतात.

"काकू, परत?"

"काय करू? कुणी न घालताच काळं पडत्यात की!"

*

एक रिटायर्ड हेडमास्तर. "नातवाला घुंगरू द्या."

मी पायाची मापं काढली, तर म्हणाले, "गळ्याचं द्या." मोबाईलवर फोटो दाखवला. लॅब्रेडॉर! मुलगा-सून म्हणतात, आमचं हेच बाळ.

मी हसले. सरही हसले. मग हळूच म्हणाले, "जीव लई लावतो हो. फक्त आजोबा म्हणत न्हाई."

*

एका बाईंची मुलगी नेदरलँडला. बाळ झालं म्हणून वाळे घेत होत्या. मी सहज विचारलं, "जावई काय करतात?"

"जावई अजून व्हायचाय!"

मी वाळ्यांची डबी पुढं सरकवली. त्याच म्हणाल्या, "तिकडं आधी पोरगं, मग जमलं तर लग्न. आमचं आधी लग्न, मग जमलं तर ओळख!"

मग व्हिडिओ कॉल लावून वाळे वाजवायला लागल्या. पडद्यावरचं बाळ मान वळवून आवाज शोधत होतं. बाई थांबेचनात.

*

परवा एक तरुण मुलगी आईला घेऊन आली. "जोडवी दाखवा. आईचं लग्न हाय!"

वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. स्थळ मुलीनंच बघितलेलं. आई मात्र रस्त्याकडं पाठ करून बसलेली, कुणी ओळखीचं बघेल म्हणून.

"मावशी, चप्पल काढा, माप घेते."

बोटावर जुन्या जोडव्यांचा वळ अजून होता. मी त्याच मापाची घातली. चपखल बसली! मुलीनं टाळ्याच वाजवल्या.

मावशींनी पाय जरासा हलवून बघितला.

"थोडी सैल द्या, बाई. मागच्या वेळी काढताना लई दुखलं."