सही नसलेलं गाणं

शेकर हा ब्रह्मचर्य पाळून एकत्र राहणाऱ्यांचा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ. त्यांच्या एका जुन्या वस्तीचं आता म्युझियम झालं आहे. तिथे माहिती सांगणारी बाई साठीची असावी. नाव मी विचारलं नाही. बोलताना ती बाह्या मनगटापर्यंत ओढून घ्यायची.

तिथल्याच एका भगिनीचं भक्तिगीत तिने आम्हाला म्हणून दाखवलं. आवाज साधाच होता, पण गाणं संपल्यावर ती काही क्षण आम्हाला विसरली. मला तिचा हेवा वाटला. मंडळाच्या गणपतीसाठी मी नवी आरती लिहायला घेतली होती. यमकं जुळली होती, देव कुठेच नव्हता.

"हे त्यांनी कसं लिहिलं?" मी विचारलं.

"लिहिलं नाही. त्या 'मिळालं' म्हणायच्या. याच्याखाली सहीसुद्धा नाही."

"बघ," नवरा मराठीत म्हणाला, "आणि तू आरतीच्या आधी स्वतःचं नाव टाइप केलंस, यार."

मी तिलाच विचारलं, "कधी मिळायचं?"

"प्रार्थनेत. कधी कपड्यांना इस्त्री करताना."

"आणि नाही मिळालं तर?"

"इस्त्री तर व्हायचीच," ती म्हणाली आणि पुढच्या खोलीकडे वळली.

घरी येऊन मी मंडळाला कळवलं, यंदा जुनीच आरती म्हणू. हेवा मात्र गेला नाही. तो गाणं मिळालेल्या भगिनीचा नाही. त्या बाईचा आहे. तिला दुसरीला मिळालेलं गाणंही पुरतं.