देवघरातली चकती

"या मॅडमना साधं रीडिंग घेता येत नाही," लॅबच्या दारातच जनरल मॅनेजर मला म्हणाले. मॅडम आतच उभ्या होत्या.

मी साखर कारखान्यांच्या लॅबमधली मशिनं दुरुस्त करतो, राहतो वालचंदनगरला. हा कारखाना इंदापूरकडचा. चार दिवस साखरेची शुद्धता कमी येत होती, माल नापास होत होता. ठपका या मॅडमवर, म्हणजे वैशालीवर, ती प्रोबेशनवरची केमिस्ट. मशीन चांगलं निघालं तर तिला घरी पाठवायचं, असं साहेबांनी ठरवूनच ठेवलं होतं.

मशीनचं नाव पोलॅरिमीटर. साखरेचं पाणी प्रकाशाला किती पिळतं, त्यावरून ते शुद्धता सांगतं. ते खरं बोलतंय का, हे बघायला स्फटिकाची चकती असते. तिचा आकडा ठरलेला. रोज सकाळी चकती लावायची, मशीन त्या आकड्यावर आणायचं.

मी मशीन उघडलं. ते चांगलं निघालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं.

"चकती कुठंय?"

जुने अटेंडंट तात्या उठले, चप्पल काढली आणि भिंतीवरच्या देवघरातून डबी काढली. देवघरात लाल बल्ब जळत होता.

"इथं कशाला ठेवली?"

"खंडेनवमीला पुजली, तवापासनं हितंच हाय. मशीन हिला बघून चालतंय. ही कंदी बदलत न्हाय. मग द्येवच की!"

"आणि बल्ब?"

"बारका गेला. ह्यो मोठा चार दिसांमागं लावला."

डबी चांगलीच गरम होती. स्फटिक तापला की प्रकाशाला थोडा जास्त पिळतो. चकतीचा ठरलेला आकडा वीस डिग्रीचा. गरम चकतीमुळे मशीन जास्त दाखवायचं, वैशाली नियमाप्रमाणे ते खाली आणायची, आणि मग दिवसभर चांगली साखर नापास.

एसी वीसवर केला, चकती तासभर टेबलावर ठेवली. मशीन पुन्हा तिच्या आकड्यावर आणलं. साखर पास झाली. वैशालीनं तो आकडा वहीत उतरवला.

"म्हंजी द्येव बी बदलतो व्हय?" तात्यांनी विचारलं.

"वीस डिग्रीत ठेवा तात्या, नाही बदलत."

"रिपोर्टमध्ये देवघराचं नको," साहेब म्हणाले. मी लिहिलं, 'सर्व्हिसिंग केली.' वैशालीची नोकरी राहिली.

चकतीला ताळ्यावर यायला एक तास लागला. साहेबांची केबिनही वीसवरच असते. "मॅडम, माझं चुकलं," एवढं म्हणायला त्यांना किती वेळ लागतो, ते अजून कळायचंय.